आबासाहेब आणि खाशे: अकरा-अकरा विजय

सांगोल्याचे गणपतराव देशमुख (आबासाहेब) आणि गोव्यातल्या सत्तरीचे प्रतापसिंह राणे (खाशे), दोघेही अकरा वेळा आमदार. आकडा सारखा, वाट वेगळी.

राणे 1972 ला मगोपकडून (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) निवडून आले, नंतर काँग्रेसमध्ये गेले. मुख्यमंत्रिपदही अनेकदा भूषवलं. पराभव मात्र कधीच नाही! गोव्यातले मतदारसंघ छोटे, हेही खरं.

देशमुख 1962 ते 2014 शेकापच्याच (शेतकरी कामगार पक्ष) तिकिटावर लढले. 1972 आणि 1995 ला पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत आणि 1999 ला परत आले. पक्ष आक्रसत असताना, बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून ही जागा राखली. माझं झुकतं माप आबासाहेबांना. 2019 ला ते थांबले आणि शेकापने सांगोला थोडक्यात गमावलं. 2024 ला नातवाने परत मिळवलं. राण्यांच्या पर्ये मतदारसंघात 2022 ला सूनबाई जिंकल्या, पण भाजपकडून.