गोड्या पाण्यातली मोटार

कोल्हापुरात महापुराचं नाव घेऊन काहीही खपवता येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. चिखली-आंबेवाडीतून माणसं काढायला एनडीआरएफच्या, नौदलाच्या बोटी आल्या. २०२१ ला पुन्हा तेच. त्यामुळं बोटीच्या मागं लावायची मोटार, जी एरवी घाटमाथ्यावर कुणी ढुंकून बघितली नसती, ती आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण पूर ओसरल्यावर तसलं साहित्य कुठं जातं, कोण विकतं, कोण घेतं, याची चौकशी कोण करत बसतंय? नेमक्या याच जागेत एका माणसानं दुकान मांडलं आणि आमच्या दाजींचे दोन लाख ऐंशी हजार रुपये घशात घातले. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळं त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सगळी सांगतो, कारण देवगड-मालवणकडून जुन्या मोटारी शोधत घाट चढून येणारे दाजी काही एकटेच नाहीत.

दाजींची फायबरची होडी जुनी. तिच्या मागच्या फळीवर दोन मोटारी, दोन्ही ४० हॉर्सपॉवरच्या, टू-स्ट्रोक. एक बंद पडली तर दुसरीवर किनारा गाठता यावा म्हणून दोन. दोन्ही थकल्या होत्या, दर हंगामात मिस्त्रीचं घर भरत होत्या. नव्या फोर-स्ट्रोक का घेत नाही, असं लोक विचारतात. पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा वजनाचा आहे. या ताकदीची टू-स्ट्रोक मोटार साधारण ७०-७५ किलोची, फोर-स्ट्रोक ९० च्या पुढं. जुन्या होडीच्या मागच्या फळीत फायबरच्या आत प्लायवूड असतं आणि ते वर्षानुवर्षं पाणी पिऊन आतून कुजतं. (हातोडीनं ठोकून बघा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर मोटारीचा विषय नंतर, आधी फळी.) दोन जड मोटारी लावल्या की होडी मागून बसते. म्हणून जुन्या होडीवाल्यांना चांगल्या स्थितीतली टू-स्ट्रोकच हवी असते, आणि हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

जाहिरात मोबाईलवर फिरत दाजींपर्यंत पोचली: ‘पूर मदतकार्यातील दोन मोटारी, ४० एचपी, लाँग शाफ्ट, अत्यंत कमी वापर, गोड्या पाण्यातील.’ या शेवटच्या दोन शब्दांची किंमत समुद्रावरच्या माणसालाच कळते. खारं पाणी मोटारीचं ॲल्युमिनियम आतून खातं, पाण्याच्या वाटा मिठानं बुजवतं. गोड्या पाण्यात चाललेली मोटार मिळाली तर कोळी माणूस दहा-वीस हजार हसत जास्त मोजतो. माल कोल्हापुरात, मी कोल्हापुरात, उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप. ताईचा फोन आला, ‘ह्यांच्याबरोबर जाऊन ये रे जरा.’

हायवेच्या सर्व्हिस रोडला एक गोडाऊन होतं. माणूस गोडबोल्या, वयानं पन्नाशीचा, टेबलावर अंबाबाईचा फोटो. चहा आला, पुराच्या आठवणी निघाल्या. त्यानं स्वतः शिरोळला बोटीतून किती माणसं काढली ते सांगितलं. ‘दाजी, ह्या मशिनांनी समुद्र बघितलेलाच न्हाई,’ तो म्हणाला. माझं ऐकून त्यानंही त्यांना दाजीच म्हणायला सुरुवात केली होती. लिलावात घेतल्याचा कागद मागितला तर एक झेरॉक्स पुढं केली. शिक्का फिसकटलेला, लॉट नंबर नाही, मोटारीचा नंबर नाही, नुसतं ‘जुने साहित्य’. मूळ कागद सीएकडं आहे म्हणाला. सरकारी खात्यांचा जुना माल बहुतेक एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलसारख्या ठिकाणी ई-लिलावात निघतो. ज्यानं घेतला त्याच्या नावानं त्याला विक्रीचा आदेश आणि डिलिव्हरी ऑर्डर मिळते आणि त्यावर लॉट लिहिलेला असतो. मूळ मालकानंतर माल किती हातांतून गेला असला तरी ही साखळी दाखवता आली पाहिजे. हे मला नंतर एका भंगारवाल्यानं सांगितलं, आणि या विषयात भंगारवाल्याइतका जाणकार माणूस दुसरा नाही.

मग मोटार चालवून दाखवली. निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी, त्यात मोटारीचा पाय, म्हणजे पंखा असलेला खालचा भाग, बुडवलेला. पहिल्या दोरीला सुरू. मागून पाण्याची बारीक धार अगदी जोरात. ही धार म्हणजे आतला इंपेलर पाणी खेचतोय आणि मोटार थंड राहतेय याची खूण, ती बघून दाजींचा चेहरा खुलला. आता या ड्रमची गंमत समजून घ्या. ड्रममध्ये मोटारीवर लोड नसतो. पंखा नुसतं पाणी घुसळतो, तेही मंद गतीवर. पाण्याच्या निम्म्या वाटा बुजलेल्या असल्या तरी तेवढ्यापुरतं भागतं. इंपेलर म्हणजे रबराची स्वस्तातली चकती, ती नवीन टाकली की धार फुटलीच. गिअर लोडवर सटकतो का, पूर्ण थ्रॉटलला मोटार किती वेळात तापते, यातलं काहीही ड्रममध्ये दिसत नाही. शिवाय आम्ही जायच्या आधी मोटार चालवून गरम करून ठेवली होती, कव्हरला हात लावल्यावर ते कळलं. थंड मोटार एका दोरीत सुरू होणं आणि गरम मोटार सुरू होणं यात फार फरक आहे. मी विचारलं, तर उत्तर तयार: ‘सकाळपास्नं तिसरं गिऱ्हाईक हाय हो.’ पंचगंगेत बोटीला लावून दाखवा म्हटलं, तर घाटावर मोटार उतरवली की दंड होतो म्हणाला. दुसरी मोटार लाकडी खोक्यात प्लॅस्टिक गुंडाळून बंद होती. ‘दोन्ही जुळी भावंडं, एकाच लॉटची.’

प्रत्येक शंकेला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर आपल्या ओळखीच्या जगातलं होतं. सीए, महापालिका, गिऱ्हाईक. असल्या माणसाचं खरं भांडवल हेच.

पैसे त्यानं ‘पुतण्याच्या’ खात्यावर घेतले. बिल आज रफ, पक्कं व्हॉट्सॲपवर. ते पक्कं बिल माल गगनबावड्याचा घाट उतरून गेल्यावर आलं. पत्ता कोल्हापूरचा आणि जीएसटी नंबर २९ नं सुरू होणारा. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो, २९ म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव, राज्य आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकटात दिसतं. त्या नंबरासमोर नाव भलत्याचंच होतं आणि नोंदणी रद्द झालेली. फोन केला तर ‘टायपिंग मिस्टेक, दुरुस्त करून देतो.’

आपल्याकडं १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मोटारी बंदीच्या काळात बसवल्या, खाडीत थोड्या फिरवल्या, सगळं ठीक वाटलं. हंगाम सुरू झाल्यावर होडी जाळी घेऊन बाहेर पडली आणि भर समुद्रात डावी मोटार तापून जाम झाली. उजवीवर परत यायला निघाले, तर लाट चढताना तिचा गिअर सटकायला लागला. गावातल्याच दुसऱ्या होडीनं दोर टाकून ओढत आणलं. वारा अजून पावसाळी होता. या भागाबद्दल दाजी फारसं बोलत नाहीत आणि मीही खोदून विचारत नाही.

देवगडच्या मिस्त्रीनं मोटार उघडली तेव्हा मी तिथं होतो. त्यानं सिलेंडरवरचं थर्मोस्टॅटचं छोटं कव्हर काढलं. एक बोल्ट आधीच तुटलेला, त्यावर एम-सील भरून वर रंग मारलेला. कव्हराखाली जिथं पोकळी असायला हवी तिथं करड्या-पांढऱ्या रंगाचा दगडासारखा थर. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरनं त्याचा कपचा काढला, तळहातावर चुरला आणि माझ्यापुढं धरला. ‘चाखून बघ मरे.’ मी जिभेला लावलं. खारट. ‘ह्यां काय म्हयन्या-पंधरा दिसांचा मीठ न्हय. ह्यां वर्षांचा आसा.’

मग त्यानं क्लॅम्पवरची नंबरची पट्टी दाखवली. पट्टीचे रिवेट चकचकीत नवे, आणि पट्टीच्या कडेखालून जुन्या रंगाचा दुसराच चौकोन डोकावत होता. म्हणजे तिथली मूळ पट्टी वेगळ्या मापाची होती. हा मुद्दा नुसता फसवणुकीचा नाही. नौकेच्या नोंदणीत इंजिनाचा तपशील द्यावा लागतो. उद्या तोच नंबर दुसऱ्या कुणाच्या मोटारीवर निघाला किंवा मोटार चोरीची निघाली, तर उत्तर होडीच्या मालकाला द्यावं लागेल.

दुसरी, खोक्यातली, तर मुळात पेट्रोलची नव्हतीच. केरळकडं रॉकेलवर चालणाऱ्या आउटबोर्ड मोटारी सर्रास वापरतात. त्या पेट्रोलवर सुरू करायच्या आणि गरम झाल्या की रॉकेलवर घ्यायच्या, त्यासाठी त्यांना इंधनाची दोन वेगळी कनेक्शनं असतात. या मोटारीत दुसऱ्या कनेक्शनचं भोक बुजवलेलं होतं, पुन्हा एम-सीलनंच. रॉकेलच्या मोटारीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरातला दाब, मुळात कमी ठेवलेलं असतं आणि ताकदही त्याच मापाची पेट्रोलची मोटार देते त्यापेक्षा कमी. वर ४० चं कव्हर बसवलं की झाली ४० ची. गिअरचं तेल काढलं तर ताकासारखं पांढरं निघालं. याचा अर्थ पायात पाणी शिरलेलं आणि सील केव्हाच गेलेलं.

यातली एकही गोष्ट ओळखायला मोठी विद्या लागत नाही, हेच चीड आणणारं आहे. गिअरकेसच्या खालचा स्क्रू सैल केला तर तेलाचा रंग मिनिटात दिसतो. प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावायचं. गेज कुठल्याही मोटारसायकल मेस्त्रीकडं असतं. दोन सिलेंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुढं बोलायचं नाही, आणि दोन्हीत सारखंच पण कमी असेल तरीही कारण विचारायचं. थर्मोस्टॅटचं कव्हर उघडू द्यायला विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजायचं. शाफ्टचं, म्हणजे पायाच्या लांबीचं, माप क्लॅम्पच्या आतल्या बाजूपासून खालच्या आडव्या प्लेटपर्यंत घ्यायचं, १५ इंच म्हणजे शॉर्ट, २० म्हणजे लाँग. पट्टीवर काय छापलंय त्यावर विसंबायचं नाही. खोक्यात बंद असलेली वस्तू ही विकत घ्यायची वस्तूच नव्हे. बैलबाजारात दात न बघता कुणी दावं हातात घेत नाही, मग बैल कितीही देखणा असो. आणि जमत असेल तर आपला मिस्त्री किनाऱ्यावरून बरोबर आणा. माझा हात लेथवर बसलेला आहे, पण मिठाचा थर कुठं शोधायचा हे समुद्रावरच्या मिस्त्रीलाच माहीत असतं.

पुढचं थोडक्यात. फोनवर आधी ‘सेकंडहँड मालाला गॅरंटी नसते’, मग फोन बंद. गोडाऊन भाड्याचं निघालं. पोलीस ठाण्यात आधी ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकवलं. खोटी पट्टी, खोटं बिल आणि पुराची थाप असा लेखी अर्ज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा उल्लेख करून दिला, तेव्हा तो पोच देऊन घेतला. पूर्वीचं ४२० म्हणजे आताचं ३१८. पैसे ऑनलाइन देऊन फसगत झाली आणि ती लगेच लक्षात आली, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. आमच्या बाबतीत खात्यातून पैसे केव्हाच उडाले होते.

ग्राहक आयोगाबद्दल एक गैरसमज मासेमारी करणाऱ्यांत फार आहे. ‘धंद्यासाठी घेतलेली वस्तू, म्हणून तक्रार चालत नाही.’ स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तो माणूस ग्राहकच धरला जातो. आणि तक्रार विकणाऱ्याच्या गावीच करायला हवी असंही नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. माहिती हवी असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे.

आयोगाची नोटीस पोचल्यावर त्या माणसाच्या वकिलाचं लेखी उत्तर आलं. त्यात मोटारी विकल्याचं कबूल केलंय. पुढं लिहिलंय, सदर मोटारी गोड्या पाण्यातील वापरासाठी होत्या, अर्जदाराने त्या खाऱ्या पाण्यात वापरल्यामुळे नादुरुस्त झाल्या, सबब विक्रेता जबाबदार नाही. दाजींनी ते वाचलं आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसले. आमच्या बाजूनं मिस्त्रीचं प्रतिज्ञापत्र, त्या थराचे आणि रिवेटचे फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि ते २९ वालं बिल जोडलंय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.