आकाशात गंधक की चुनखडी?

भाचीला वादसभेसाठी बाजू निवडायची आहे: ऊन परतवून पृथ्वी थंड करायला स्थितांबरात, म्हणजे हवेच्या वरच्या थरात, गंधक फवारावं की चुनखडीची भुकटी?

पुराव्यात गंधक पुढे. 1991 मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीने सुमारे दीड कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि पृथ्वी जवळपास अर्धा अंश थंडावली. पण ओझोन घटला, स्थितांबर तापलं, आणि 1992 मध्ये जगभर जमिनीवरचा पाऊसही कमी झाला. मान्सूनवर जगणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

चुनखडी ओझोनला कमी जाचेल, वरची हवाही कमी तापवेल, असं गणित सांगतं. नुसतं गणितच, हार्वर्डचा फुग्याचा छोटा प्रयोग 2024 मध्ये उड्डाणाआधीच गुंडाळला गेला.

टिकण्यात फारसा फरक नाही. वर्ष-दोन वर्षांत कण खाली येतात, की पुन्हा फवारा. कार्बन डायऑक्साइडमुळे होणारं समुद्राचं आम्लीकरण दोन्हींनी थांबत नाही.

पुराव्यावर भांडायचं असेल तर गंधक घे; ओझोनची काळजी मांडायची असेल तर चुनखडी.