मक्याच्या नावाखाली गहू: ब्रॉयलरवाल्यांनो, गोणी उघडून बघा

औसा तालुक्यात माझं हजार ब्रॉयलर पक्ष्यांचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचं शेड आहे. मक्याचा भाव चढला होता, तेव्हा ओळखीचा फीडवाला म्हणाला, "मका-सोयाचंच आहे दादा, गोणीमागं दीडशे कमी लावतो." स्टार्टरचा, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्याचा भरडा पिवळाधमक दिसत होता. मी भुललो, अन् पावतीही कच्चीच घेतली.

बाराव्या दिवसापासून शेडात खाली अंथरलेलं तूस ओलं राहू लागलं. विष्ठा चिकट, पिल्लांच्या बुडाला तिचे लपके. मी पाण्याचे निपल तपासले, तूस दोनदा बदललं. फीडवाल्यानं फोनवरच "कॉक्सी असंल" (कॉक्सीडिओसिस, आतड्याचा रोग) म्हणून वर औषधाची बाटलीही खपवली. (तीही उधार नव्हती.) पहाटे शेडात शिरलं की अमोनियानं डोळे चुरचुरायचे.

शेजारच्या गावचे एक जुने पोल्ट्रीवाले काका आले. पिल्लू उलटं धरून म्हणाले, "पाय असे पांढरे कामून? मका खाल्ल्यावर पिवळे पडतात." मग मूठभर भरडा काचेच्या ग्लासात, पाण्यात टाकला. दोन मिनिटांत पाणी हळदीसारखं पिवळं! मक्याचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. गव्हाला रंग फासला होता.

मेलेली दोन पिल्लं घेऊन उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो. डॉक्टरांनी आतडं उघडून दाखवलं, आतला माल बोटाला तार सुटेल असा. गव्हात अरॅबिनोझायलान नावाचे तंतू असतात, ते तोडायचं विकर (एन्झाइम) कोंबडीकडं नसतं. पाणी शोषून आतड्यात त्यांची पोस्टर चिकटवायच्या खळीसारखी खळ होते. पाचक रस धान्यापर्यंत नीट पोचत नाहीत, चरबी तर फारच कमी पचते, अन् उरलेल्यावर जंतू पोसतात. बार्लीतलं बीटा-ग्लुकनही हेच करतं. मक्यात हा प्रकार फार कमी. पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लांना सगळ्यात जास्त त्रास होतो, अन् मी नेमकं तेव्हाच हे खाऊ घातलं.

गहू काही विष नाही. युरोपात बऱ्याच ठिकाणी ब्रॉयलर गव्हावरच वाढवतात, पण फीडमध्ये हे तंतू तोडणारं झायलानेज हे एन्झाइम घालून. माझ्या गोणीत ते नव्हतं, होता फक्त रंग.

35 व्या दिवशी सरासरी वजन दीड किलो भरलं, दोनच्या पुढं जायला हवं होतं. व्यापाऱ्यानं बारीक माल म्हणून भाव पाडला. जाब विचारायला दुकानात गेलो तर फीडवाला हसला, "गहूबी धान्यच की. पावतीवर मका कुठं लिहिलाय?"

पावती काढून बघितली. 'फीड, 20 गोण्या.' एवढंच.