अंबाजोगाईतलं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं हॉटेल: आठ महिन्यांनंतर

बदली होऊन अंबाजोगाईला आले तेव्हा शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, "पेटी वाजवता ना? मग गुरुवारी रात्री हॉटेलात जा." हॉटेल म्हणजे चहा-फराळाचं. योगेश्वरीच्या देवळापासून पायी दहा मिनिटांवर, पुढं चार बाकडी, मागं घर. काका गल्ल्यावर, काकू आणि सून आत, मुलगा पहाटे पाचला भट्टी पेटवतो. आठ महिन्यांत माझे तीन-चारच गुरुवार चुकले असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खाण्याचं. सकाळची सुशीला घ्याच. चुरमुरे नेमके भिजलेले, वर शेंगदाण्याचा कूट आणि तळलेली मिरची. चहा मला गोड वाटतो, पण सांगितलं तर साखर कमी करून देतात. भजी बरी. दुधाचं पितळी पातेलं अजून आजोबांच्या वेळचं आहे, त्यावर ठोक्यांनी 'मोमिनाबाद' कोरलंय. निजामाच्या राज्यात गावाचं तेच नाव होतं. मी गेले की एकदा ते वाचतेच.

पण खरी गोष्ट रात्री नऊनंतरची. बाकडी भिंतीला लागतात, सतरंजी पडते, भजनाची बैठक बसते. पखवाज वाजवणारे दादा दिवसा ट्रॅक्टर दुरुस्त करतात. क्लॅरोनेटवाले मामा लग्नाच्या बँडमध्ये आहेत, त्यामुळे लग्नसराईत ते दिसत नाहीत आणि बैठक अर्धी वाटते. गोंधळी मंडळी रात्री कधी येत नाहीत, त्यांचा तेव्हाच धंदा. जागरण आटोपून ती पहाटे संबळ कापडात गुंडाळून चहाला येतात. त्या वेळी भेटलात तर संबळाची वाकड्या टोकाची काठी हातात घेऊन पाहा, मागितली तर देतात.

आवाज खोल यावा म्हणून पखवाजाच्या डाव्या अंगाला लागणारी कणीक काकूच मळतात. तेल-मीठ नाही, पोळीच्या कणकेपेक्षा सैल. एप्रिलमध्ये अर्ध्या तासात ती वाळून तडकायची आणि आवाज चढायचा. दादांनी काही म्हणायच्या आत काकू आतून ओला हात घेऊन यायच्या. हे मी एकदा नव्हे, दर गुरुवारी पाहिलं. स्वयंपाकघरात बसून डाव्या हाताचा बोल कोरडा पडलेला ज्यांना कळतो, त्या बाईंच्या कानाबद्दल मी अजून काय लिहू?

पहिले दोन महिने मी दाराशी बसून नुसती ऐकत होते. सतरंजीवर सगळे पुरुष. एक दिवस काकू म्हणाल्या, "बाई, कडंला का बसायलाव? हिकडं या, पेटी घ्या." पेटी घेतली, पण गायला गेले तर अडचण. मंडळी काळी एकमध्ये, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला 'सा' धरून गाणारी. तिथं माझा आवाज खाली घरंगळतो, अक्षरंच ऐकू येत नाहीत. दर वेळी पखवाज एवढा चढवायचा कसा? मामांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवलं आणि सांगितलं, "बाई, तुम्ही काळी तीन धरा. आमचा सा तो तुमचा पंचम. पखवाजाला हात लावायचं कामच नाही." त्या रात्री मी पहिल्यांदा पूर्ण अभंग म्हटला. पखवाजाचा सूर खरंच पंचमासारखा, माझ्या 'सा'च्या 'प'सारखा, मागं उभा राहिला. शास्त्र मला पुस्तकातून माहीत होतं, पण गळ्याला ते तिथं कळलं. आता शाळेतल्या दोन मुली माझ्यासोबत येतात. सून त्यांना आत, उजेडाच्या बाजूला बसवते आणि निघताना मुलगा घरापर्यंत सोडतो.

त्रासाचं एवढंच, की गाडी लावायला जागा नाही आणि पावसाळ्यात वीज गेली की तास-तास येत नाही. कंदील लागतो, बैठक मोडत नाही. साडेअकराला मात्र काका दिवा घालवतात, कारण पोराला पाचला उठायचं असतं. रूपाचा अभंग, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा सुरुवातीचा अभंग, ऐकायचा असेल तर नऊच्या ठोक्याला या. उशिरा आलात तर थेट गौळणीलाच पोचाल. बसण्याचे पैसे घेत नाहीत. मी एकदा द्यायला गेले तर काकांना राग आला.

आषाढापासून माझी पेटी तिथंच असते, कोपऱ्यात, काकूंच्या जुन्या लुगड्याखाली. कुणीही काढून वाजवा. दमट हवेत मधल्या सप्तकातली काळी दोन अडकते, तेवढी हलक्या बोटानं उचला.