पाच वर्षांची हमी आणि पिंपभर पाणी

गृहनिर्माण संस्थांमध्ये वाळवीचे काम बहुधा पावसाच्या तोंडावर निघते, कारण पहिल्या सरीनंतर पंखवाली वाळवी ट्यूबलाइटभोवती घोंघावू लागली की तळमजल्यावरची मंडळी धास्तावतात, आणि धास्तावलेल्या माणसाकडून होकार मिळवणे सोपे असते. पुण्यातल्या आमच्या संस्थेत हेच घडले. मीटर खोलीतल्या लाकडी फळीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, दोन सदनिकांतल्या दाराच्या चौकटी टिचकी मारल्यावर पोकळ वाजू लागल्या, आणि कार्यकारिणीने तीन कोटेशने मागवून सर्वांत कमी रकमेचे मंजूर केले. काम ३८,००० रुपयांचे, हमी पाच वर्षांची आणि तीही लेखी. वर्ष पुरते सरायच्या आत त्याच चौकटींवर नळ्या पुन्हा उगवल्या. त्या सुमारास खजिनदारपद माझ्याकडे आले आणि या कामाची फाईल हाती पडली. तिच्यात जे सापडले ते इतर संस्थांच्या कामी यावे म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

बांधून झालेल्या इमारतीत वाळवीचा बंदोबस्त कसा करावा, हे भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेले आहे. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेवर १२ मिलिमीटरची भोके ३०० मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण फुटाच्या अंतराने पाडायची, ती टाइल आणि खालचा काँक्रीटचा थर ओलांडून मातीपर्यंत न्यायची आणि दर भोकात एक लिटर द्रावण सोडायचे. आमच्या बिलात इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के या औषधाचे नाव होते. ते लिटरभर पाण्यात २.१ मिलिलिटर घालायचे असते. आमच्या तळमजल्यावर अशी रेषा सगळ्या खोल्या धरून ४०० फुटांच्या आसपास भरते. म्हणजे ४०० भोके, ४०० लिटर द्रावण आणि ८४० मिलिलिटर औषध. एवढा हिशेब कागदाच्या पाठीवर मांडता येतो, पण फाईलमध्ये तो कुठेच नव्हता. कोटेशनमध्ये नुसतेच ‘संपूर्ण तळमजला, उच्च प्रतीचे औषध’ असे लिहिलेले होते.

आमचे रखवालदार त्या दिवशी पूर्णवेळ हजर होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे दोन पोरे एक ड्रिल मशीन घेऊन आली, बागेच्या नळावर ५० लिटरचे पिंप भरले आणि दुपारनंतर ते आणखी एकदा भरले. म्हणजे काहीही केले तरी १०० लिटरच्या वर द्रावण गेलेले नाही. मीटर खोलीच्या मागे त्या पोरांनी टाकलेली रिकामी बाटली रखवालदारांनी जपून ठेवली होती. ती १०० मिलिलिटरची होती आणि औषध होते इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, म्हणजे कपाशी आणि भातावर फवारण्यासाठी कृषी सेवा केंद्रात मिळते ते. लेबलवर पिकांची नावे छापलेली होती, इमारतीचा किंवा वाळवीच्या अशा कामाचा उल्लेख नव्हता.

भोकांची गोष्ट याहून वाईट निघाली. पांढऱ्या सिमेंटने बुजवलेल्या खुणा मोजल्या तर त्या फुटाफुटावर नव्हत्या, अडीच-तीन फुटांवर होत्या. स्वयंपाकघरातल्या एका खुणेत स्क्रू-ड्रायव्हर घालून सिमेंट उकरले, तर ते अर्ध्या इंचाच्या खपलीसारखे सबंध निघून आले आणि खाली टाइलचाच कोरा तळ दिसला. ड्रिल टाइलच्या आरपारसुद्धा गेले नव्हते. अशी कितीतरी भोके सापडली. त्यांत औषध ओतले असते तरी ते मातीपर्यंत पोचणार कसे?

एवढे होऊनही त्या दिवशी कोणाला शंका आली नाही, याचे कारण वास. जिना आणि पार्किंग दोन दिवस रॉकेलसारख्या उग्र दर्पाने भरून गेले होते, आणि काम पक्के झाल्याची ती खूणच मानली गेली. वास जितका उग्र तितके औषध जालीम, ही समजूत बहुधा डायक्लोरव्हॉस या जुन्या कीटकनाशकाच्या जमान्यातली असावी. त्या औषधाचा वापर आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्णपणे बंद आहे. वाळवीसाठीच्या इमिडाक्लोप्रिडला सांगण्यासारखा वास नसतो. पिंपात रॉकेल ओतणाऱ्याला हे ठाऊक होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकूंची फसवणूक वेगळ्या रीतीने झाली. ठेकेदाराने त्यांना मोबाइलवर पोखरलेल्या कपाटाचे फोटो दाखवले, प्लास्टिकच्या पिशवीतली जिवंत वाळवी दाखवली आणि ‘तुमच्या ओट्यामागच्या भिंतीत राणी बसली आहे’ असे सांगून संस्थेच्या कामाव्यतिरिक्त ६,५०० रुपये रोख घेतले. आपल्या इमारतींना छळणाऱ्या वाळवीची राणी जमिनीखालच्या वारुळात असते. घरात येतात त्या तिच्या कामकरी. पिशवीतली वाळवी कुठून आली, हे काकूंना आजही माहीत नाही.

नळ्या पुन्हा दिसल्यावर सचिवांनी हमीपत्र पुढे केले, तेव्हा ठेकेदाराने त्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचून दाखवली. स्नानगृहाची गळती असल्यास हमी लागू नाही. वार्षिक तपासणीसाठी संस्थेने लेखी न कळवल्यास हमी रद्द. पुण्यातल्या जुन्या इमारतीत स्नानगृहाला कुठेच ओल नाही असे होत नाही, हे तोही जाणून होता. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. हमीपत्रावर गोल शिक्का होता, पण परवाना क्रमांक नव्हता.

हा परवाना म्हणजे साधा दुकान-परवाना नव्हे. कीटकनाशके अधिनियम, १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांनुसार पेस्ट कंट्रोलच्या व्यवसायासाठी स्वतंत्र परवाना लागतो. तो मिळवायचा तर कृषी किंवा रसायनशास्त्रासह विज्ञान शाखेचा पदवीधर आणि म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील केंद्रीय संस्थेत प्रशिक्षण घेतलेला माणूस पदरी असावा लागतो. तेव्हा कोटेशन उघडण्यापूर्वी या परवान्याची प्रत आणि त्या माणसाचे प्रमाणपत्र मागावे. ‘उद्या आणून देतो’ म्हणणाऱ्याला उद्याच बोलवावे. कोटेशनमध्ये भोकांची संख्या, एकूण लिटर आणि औषधाची टक्केवारी लिहून घ्यावी. बाटली सीलबंद आहे हे पाहून ती आपल्यासमोर फोडायला लावावी आणि लेबलवरील नोंदणी क्रमांक, बॅच व मुदत यांचा फोटो काढून ठेवावा. भोके बुजवण्याआधी दहा-बारा भोकांत तार घालून खोली पाहावी. प्रामाणिक माणूस याला हरकत घेत नाही.

नव्या ठेकेदाराने या सगळ्याला होकार दिला आणि त्याचा दर आधीच्या दुपटीहून थोडा जास्त निघाला. सर्वसाधारण सभेत त्यावर बरीच खडाजंगी झाली, पण लिटरचा हिशेब पाहिल्यावर सभासदांनी ठराव संमत केला. जुन्या ठेकेदाराविरुद्ध आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून विनापरवाना व्यवसायाबद्दल कृषी विभागालाही लेखी कळवले आहे. बाटली, उकरलेल्या भोकांचे फोटो आणि रखवालदारांचा जबाब सोबत जोडला आहे. काकूंच्या ६,५०० रुपयांची पावती नाही, त्यामुळे ती रक्कम परत मिळण्याची आशा मला फारशी वाटत नाही.