गोल्फ नवीन शिकताय? हँडिकॅप ऑफिशियल घ्यायचा, ॲपवर ठेवायचा की नुसती वही पुरे

न्यू जर्सीत एडिसन, प्लेन्सबरो, ईस्ट ब्रन्सविक या पट्ट्यात आपली मराठी मंडळी हल्ली काउंटीच्या कोर्सवर बऱ्यापैकी दिसतात, आणि पहिला सीझन अर्धा सरला की हमखास एक प्रश्न येतो, हँडिकॅप (आपला खेळ किती कच्चा हे सांगणारा आणि त्यानुसार फटक्यांची सूट देणारा आकडा) आत्ता काढू की जरा बरं खेळायला लागल्यावर? माझं मत सरळ आहे, जोडीला कोणी घेऊन १८ होल्सचे तीन राउंड नियमाने पूर्ण करू शकत असाल तर आत्ताच काढा आणि ऑफिशियलच काढा. पण हे सगळ्यांना लागू होत नाही, म्हणून तिन्ही पर्याय सांगतो.

आधी ते "बरं खेळायला लागल्यावर" डोक्यातून काढा. २०२० मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या दोन संस्थांनी मिळून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आणली, त्याआधी जगात सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या. अमेरिकेत तेव्हा पुरुषांना जास्तीत जास्त ३६.४ आणि बायकांना ४०.४ मिळायचा, आता दोघांनाही ५४.० पर्यंत मिळतो. म्हणजे एका राउंडला १२० फटके मारणाऱ्या माणसासाठी पण जागा मुद्दाम केलेली आहे, लाजायचं काही कारणच नाही.

ऑफिशियल म्हणजे इथे जीएचआयएन नंबर (यूएसजीएच्या हँडिकॅप नोंदणीचा), ज्याला सगळे जिन म्हणतात. त्यासाठी महागडा कंट्री क्लब लागत नाही, तुम्ही खेळता त्या पब्लिक कोर्सवरच्या क्लबमधून किंवा राज्याच्या असोसिएशनकडून ऑनलाइन पण मिळतो, वर्षाची फी राज्यागणिक बदलते पण क्लबच्या मेंबरशिपच्या मानाने किरकोळ असते. एकूण ५४ होल्सचे स्कोअर टाकायचे, १८ चे तीन किंवा ९-९ चे तुकडे कसेही चालतात, की इंडेक्स, म्हणजे तुमचा हँडिकॅपचा आकडा, तयार.

आता यात खरी मजा कुठे आहे ते बघा, कारण इथेच ऑफिशियल आणि बाकीच्यात फरक पडतो. समजा एका कोर्सचं पार (ठरवून दिलेले फटके) ७१, रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला तिथे लागणारे फटके) ७०.५ आणि स्लोप (साधारण खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा) १२४ आहे, तिथे तुम्ही एकदा ११२ आणि एकदा १०९ मारलेत. मग तिसऱ्यांदा एका सोप्या कोर्सवर, रेटिंग ६७.२ आणि स्लोप १०८, तिथे १०६ मारलेत आणि घरी येऊन पार्टी केलीत. आता हिशोब करा: स्कोअरमधून रेटिंग वजा करायचं, त्याला ११३ ने (मध्यम कोर्सचा स्लोप) गुणायचं आणि स्लोपने भागायचं. येतात ३७.८, ३५.१ आणि ४०.६. म्हणजे ज्या १०६ ची पार्टी केली तो तिघांतला सगळ्यात कच्चा राउंड निघाला आणि कठीण कोर्सवरचे १०९ सगळ्यात भारी! नुसता स्कोअर लिहून ठेवणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. तीनच स्कोअर असताना सगळ्यात चांगल्यातून २ वजा करतात, म्हणून तुमचा इंडेक्स ३३.१. पुढे वीस राउंड झाले की शेवटच्या वीसातले बेस्ट आठ धरून सरासरी, त्यामुळे एखाद्या रविवारी सगळे बॉल पाण्यात गेले तरी तो राउंड त्या आठात येत नाही आणि इंडेक्स सहसा फारसा बिघडत नाही.

आणि हाच ३३.१ त्या कठीण कोर्सवर घेऊन गेलात तर त्या कोर्सपुरता हिशोब, म्हणजे कोर्स हँडिकॅप, होतो ३६, म्हणजे प्रत्येक होलला दोन फटके जास्तीचे. ऑफिसातल्या ९ हँडिकॅपवाल्या सिनियरसोबत तुम्ही बरोबरीने मॅच खेळू शकता, आणि पार ४ वर ६ मारलेत तर ते दोन वजा करून तो तुमचा नेट पार. नवख्या माणसाला याचा केवढा आधार वाटतो ते खेळल्याशिवाय कळत नाही.

पण अटी आहेत आणि त्या पाळायच्या असतात. मलिगन (फसलेला फटका विनादंड परत मारणं) चालत नाही, स्क्रॅम्बलचा (सगळी टीम आपल्यातल्या सगळ्यात चांगल्या बॉलवरून पुढे खेळते तो प्रकार) स्कोअर चालत नाही, म्हणजे ऑफिसच्या आउटिंगचे बहुतेक राउंड बाद. एकट्याने खेळलेला राउंड पण चालत नाही, सोबत निदान एक जण हवाच. एका होलवर १२ झाले तर सुरुवातीला पार अधिक ५ एवढेच धरायचे, पार ४ असेल तर ९, आणि एकदा इंडेक्स मिळाला की नेट डबल बोगीची (पार अधिक २ अधिक त्या होलचे तुमचे जास्तीचे फटके) मर्यादा लागते, वरच्या उदाहरणात पार ४ वर ८. हे सगळं जिनच्या ॲपमध्ये होल-बाय-होल भरलं की ते स्वतःच करतं. स्कोअर त्याच दिवशी टाकायची सवय लावा, कारण त्या दिवशी वाऱ्यापावसामुळे सगळ्यांचेच स्कोअर चढले का हे रात्री तपासलं जातं आणि तसं असेल तर हिशोबात सूट मिळते.

दुसरा पर्याय फुकटचे ॲप. जीपीएसने ग्रीनपर्यंतचं (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) अंतर दाखवतात, स्कोअरकार्ड ठेवतात आणि बरेचसे एक हँडिकॅपसारखा आकडा पण देतात. जे सकाळी सहाला एकटेच खेळून ऑफिस गाठतात, किंवा अजून रेटिंग नसलेल्या छोट्या पार ३ कोर्सच्या पुढे गेले नाहीत, त्यांनी याच्यावरच थांबावं, फी भरून काही उपयोग नाही. फक्त तो आकडा क्लबच्या स्पर्धेत कोणी धरत नाही, आणि आपण मलिगन घेतला का हे विचारणारं कोणी नसल्यामुळे तो आपोआप गोड होत जातो. मला हे घातक वाटतं, कारण सुधारणा झाली की नाही हे बघायलाच तर आपण आकडा ठेवतो.

तिसरी वही, किंवा गूगल शीट. हिला हँडिकॅपचा पर्याय समजू नका, पण ठेवा नक्की. प्रत्येक होलला पुढे फक्त तीन गोष्टी: पट (ग्रीनवरचे फटके) किती, पेनल्टी (दंडाचे फटके) किती, आणि ग्रीनच्या आसपास गेल्यावर किती फटके लागले. इंडेक्स सांगतो तुम्ही कुठे आहात, वही सांगते फटके जातायत कुठे. बऱ्याच नवख्यांच्या वहीत ड्रायव्हरपेक्षा (लांब मारायची काठी) चिपिंग (ग्रीनजवळचे छोटे फटके) आणि थ्री-पटच (एकाच ग्रीनवर तीन पट) जास्त निघतात आणि मग सरावाच्या रेंजवर दोन बादल्या बॉल ड्रायव्हरने मारायचा सोस आपोआप कमी होतो.

पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांसाठी मात्र गणित वेगळं आहे. तिथे राष्ट्रीय संस्था इंडियन गोल्फ युनियन आहे आणि हँडिकॅप सहसा क्लबमार्फतच मिळतो, आणि येरवड्याचा पूना क्लब गोल्फ कोर्स किंवा चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी यांच्यासारख्या ठिकाणी मेंबर होणं हे काही पन्नास डॉलरचं काम नाही. क्लबात शिरकाव होईपर्यंत ॲप अधिक वही हेच तिथे शहाणपणाचं, फक्त कोर्सचं रेटिंग आणि स्लोप प्रत्येक वेळी लिहून ठेवा, म्हणजे हिशोब स्वतः करता येतो. इकडून सुट्टीला जाणाऱ्यांचा इंडेक्स तिकडेही समजतो, सिस्टिम एकच आहे, त्यामुळे जाताना ॲपमधला नंबर हाताशी ठेवा.

इथल्यांनी एक लक्षात घ्या, न्यू जर्सीत थंडीचे महिने इनॅक्टिव्ह सीझन असतो, त्यात इथे खेळलेला राउंड हँडिकॅपसाठी पोस्ट होत नाही, फ्लोरिडाला जाऊन खेळलात तर होतो. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे वाचत असाल तर थांबू नका, ऑक्टोबर संपायच्या आत मित्राला सोबत घेऊन ५४ होल्स नियमाने खेळून टाका, मग एप्रिलमध्ये पहिल्याच लीगला नाव देताना तुमच्याकडे नंबर असेल.