22 पौंडांचं ट्रॅक क्लीनिंग किट आणि बाबांचं खोडरबर

रेटिंग आधीच सांगून टाकतो, 5 पैकी अडीच, आणि ते अडीच पण किटमधल्या दोनच वस्तूंमुळे. बाकीचे मार्क कुठे कापले ते वेळ असेल तर वाचा, कारण गेली दोन वर्षं मी आमच्या स्लॉट कारच्या, म्हणजे खेळण्यातल्या विजेवरच्या गाड्यांच्या, ट्रॅकवर गाड्या पळवण्यापेक्षा जास्त वेळ पुसापुशी करण्यात घालवलाय आणि मागच्या महिन्यात कळलं की पुसायची जागाच चुकत होती.

ज्यांना स्लॉट कार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लॅस्टिकच्या ट्रॅकमध्ये मधोमध खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या म्हणजे रेल, त्यातून करंट, आणि गाडीच्या नाकाखाली एक दांडी जी खाचेत बसते, तिला म्हणायचं गाइड. हातातल्या कंट्रोलरचा ट्रिगर दाबला की गाडी सुसाट, जास्त दाबला की वळणावर बाहेर. स्टिअरिंग वगैरे काही नाही, सगळा खेळ बोटाचा. आमच्याकडे स्केलेक्स्ट्रिक आहे, 1:32 मापाचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तीसाव्या भागाएवढं. इथे इंग्लंडमध्ये हे म्हणजे आपल्याकडच्या कॅरमसारखं आहे, प्रत्येकाच्या मामा-काकाकडे एक तरी खोका पडलेला असतो. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या गाड्या होत्या, नाव स्केलेक्स, त्यात 1957 ला इलेक्ट्रिक घातलं आणि नाव झालं स्केलेक्स्ट्रिक. सुरुवातीला ट्रॅक चक्क रबराचा असायचा, प्लॅस्टिक नंतर आलं. आमच्या शेजारच्या आजोबांनी त्यांचा जुना खोका पोराला दिला तेव्हा त्यात त्या रबरी ट्रॅकचे दोन तुकडे निघाले, वाकवले तर मोडतील की काय अशी भीती वाटावी इतके कडक झालेले.

तर आम्ही रेडिंगला राहतो आणि ट्रॅक मांडलाय लॉफ्टमध्ये, म्हणजे आपला माळा. इकडच्या माळ्यात थंडी अडवायला जे कापसासारखं भरतात ना, त्याचे तंतू सतत उडत असतात, वर हिवाळ्यात छताला घाम येतो, म्हणजे धूळ आणि ओल दोन्ही, ट्रॅकला याच्याइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही पण घरात दुसरी जागा नाही आणि हॉलमध्ये मांडायचा विषय बायकोने एका वाक्यात संपवलाय.

मग व्हायचं काय, गाडी पहिल्या दोन राउंडला नीट आणि मग आचके देत चालायला लागायची, हेडलाइट लुकलुकायचे, लांबच्या वळणावर तर थांबूनच जायची आणि पोरगा प्रत्येक वेळी गुडघ्यावर रांगत जाऊन बोटाने ढकलायचा. रेलवरून बोट फिरवलं की बोट काळं. म्हणलं झालं, ट्रॅक घाण झालाय, आणि एका ऑनलाइन दुकानातून हे किट मागवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असे किट ढीगभर लोक विकतात आणि खोक्यावरचं चित्र सोडलं तर सगळे सारखेच वाटले.

खोका उघडला तर एक छोटी बाटली क्लीनरची, चार फेल्टचे पॅड, एक करड्या रंगाचा रबराचा ठोकळा, एक ब्रश, ब्रेडच्या चार जोड्या आणि सुईसारख्या तोंडाची तेलाची कुपी. ब्रेड म्हणजे पाव नव्हे, आईने पण हाच प्रश्न विचारला होता. तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली चपटी पट्टी, गाइडच्या दोन्ही अंगांना लावलेली असते आणि तीच रेलवरून घासत जाऊन मोटरला करंट पोचवते. हे लक्षात ठेवा, पुढे हिचंच रामायण आहे.

आधी क्लीनर. बाटलीवर मोठ्या अक्षरात स्पेशल फॉर्म्युला आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात आयसोप्रोपिल अल्कोहोल. झालं ना मग! तेच अर्धा लिटर मला वेगळं 6 पौंडांना मिळालं. काम चांगलं करतं, वादच नाही, रेलवरची काजळी आणि तेलकटपणा पटकन निघतो आणि उडून जातं त्यामुळे मागे ओल राहत नाही, पण त्यासाठी 22 पौंडांचं किट कशाला. वापरताना ट्रॅकवर ओतायचं नाही, फडक्याला लावून पुसायचं, पॉवर बंद करून, खिडकी उघडून, आणि पूर्ण वाळल्याशिवाय गाडी लावायची नाही कारण ते पेट घेतं आणि ब्रेडखाली बारीक ठिणग्या उडत असतातच. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल असले प्रयोग अजिबात नकोत, प्लॅस्टिक विरघळू शकतं. गंज काढायचा स्प्रे मी एकदा सगळ्या ट्रॅकभर मारला होता, कुणाला सांगू नका, रेल चकाचक झाल्या आणि त्यानंतर दोन आठवडे गाड्या गणपती विसर्जनाला निघाल्यासारख्या घसरत होत्या.

फेल्टच्या पॅडला शून्य मार्क. त्याचेच धागे सुटतात, खाचेत जातात, तिथून गाडीच्या मागच्या ॲक्सलला गुंडाळतात आणि मग चिमट्याने काढत बसा. चष्म्याबरोबर मिळतं ते मायक्रोफायबरचं फडकं याच्या दसपट बरं आणि ते घरात पाच-सहा पडलेलेच असतात.

रबराचा ठोकळा मात्र चांगला निघाला. मॉडेल रेल्वेवाले पेकोचं ट्रॅक रबर वर्षानुवर्षं वापरतात, हा त्याच जातीचा. आत बारीक कच असते, त्याने घासलं की रेलवरचा ऑक्साइडचा थर निघतो, आणि तो थर करंट अडवतो म्हणून तो काढावा लागतो. रेलच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासायचं, आडवं नाही. माहितीपत्रकात लिहिलंय की दर महिन्याला घासा, ते मला पटत नाही. जितकं घासाल तितके ओरखडे आणि ओरखड्यांत पुन्हा काजळी भरते, त्यामुळे वर्षातून दोनदा, ते पण अल्कोहोलने काळं निघत नसेल तिथेच. नंतर व्हॅक्युम मारायचा, नाहीतर तो रबराचा चुरा गिअरमध्ये जातो. आणि भांडी घासायची तारेची घासणी तर लांबच ठेवा. गाडीच्या पोटाखाली मॅग्नेट असतो, रेल लोखंडी असल्यामुळे तो गाडीला वळणावर धरून ठेवतो, आणि तोच मॅग्नेट घासणीचे सगळे बारीक तुकडे गोळा करून थेट मोटरच्या शेजारी नेऊन ठेवतो. आमच्या मॅग्नेटने एकदा सेफ्टी पिन उचलली होती, दोन्ही रेलला टेकली आणि पॉवर बंद, अर्धा तास मी ॲडॉप्टर उघडायचा विचार करत बसलेलो.

तेलाबद्दल चूक माझीच. कुपी छान आहे, सुईतून एकच थेंब येतो, ॲक्सल जिथे फिरतो त्या बुशवर एक थेंब बस. मी तीन टाकले कारण आपल्याला शिलाई मशीनला तेल घालायची सवय. ही मोटर मिनिटाला साधारण 18,000 फेरे मारते राव, तेल उडालं, टायरला लागलं, टायरने ते ट्रॅकभर सारवलं.

आता ब्रेडच्या जोड्या. चारपैकी दोनच बसल्या, जुन्या गाड्यांच्या गाइडला मापच वेगळं लागतं आणि जाहिरातीत लिहिलेलं की सगळ्या गाड्यांना चालेल. दुकानाला मेल केला तर उत्तर आलं की तुमची गाडी फार जुनी आहे. असो. ज्या दोन बसल्या त्यांनी कमाल केली, पण ती मला बाबांमुळे कळली.

आईबाबा उन्हाळ्यात चिंचवडहून आले होते. बाबा जन्मभर कारखान्यात मेंटेनन्सला होते, त्यांना हातात काही बिघडलेलं दिलं की जेट लॅग वगैरे काही राहत नाही. मी गुडघ्यावर बसून रेल पुसतोय, ते खुर्चीवरून बघतायत, पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, घर पुसतोयस कधीचा, पण आत येणाऱ्याचे पाय बघितलेस का?" आणि गाडी उलटी करून माझ्यासमोर धरली. ब्रेड काळी कुळकुळीत, टोकाला तारा सुटून झाडूसारख्या पिंजारलेल्या, त्यात पोराच्या लोकरी मोज्याचा धागा. मागच्या टायरवर धूळ, तेल आणि माळ्यातला तो कापूस यांचा मिळून एक मस्त थर. म्हणजे मी ट्रॅक पुसायचो आणि हीच गाडी एका राउंडमध्ये परत सारवायची.

मग त्यांनी खिशातून काढलं खोडरबर. अर्धं गुलाबी अर्धं निळं, निळी बाजू खरखरीत, पूर्वी पेनचं खोडायला असायची ती. बाबा रिमोटच्या सेलचे पॉइंट, टॉर्चचे पॉइंट, सगळं याच्यानेच साफ करतात आणि ते त्यांनी सुटकेसमध्ये का आणलं होतं हे विचारू नका, सुतळी पण आणली होती. गुलाबी बाजूने ब्रेड पुसली, टोकाच्या सुटलेल्या तारा कात्रीने कापल्या, टाचणीने उरलेल्या थोड्या मोकळ्या केल्या आणि पट्टी जवळजवळ सपाट ठेवली. मी ती नेहमी खाली वाकवून ठेवायचो, म्हणजे रेलला जास्त टेकेल असा हिशोब, पण तसं केलं की ती स्प्रिंगसारखी गाइडलाच वर उचलते आणि गाडी खाचेतून बाहेर येते. दोन वर्षं मी वळणावर उडणाऱ्या गाडीचा दोष पोराच्या बोटाला देत होतो.

टायरसाठी खर्च शून्य. मास्किंग टेपचा चिकट भाग वर करून टेबलावर लावायचा, टायर त्यावर दोन-चार वेळा फिरवायचा, टेप काळी, टायर स्वच्छ. रबरी टायर असो की सिलिकॉनचा, दोन्हीला चालतं. आता आमचा नियमच आहे, गाडी ट्रॅकवर ठेवायच्या आधी टेपवरून फिरवायची, आणि पोरगा हे न सांगता करतो जे तो स्वतःच्या चपलांच्या बाबतीत कधीच करत नाही.

मध्ये आई पण वर आली होती, म्हणाली चिंच-मीठ लाव, तांब्याची भांडी कशी लख्ख होतात. तिला हात जोडले. तांब्या-पितळेला ठीक आहे पण ही रेल लोखंडाची, आंबट आणि मीठ लावून ओलं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी गंज. ठाण्याला माझ्या मित्राने असाच एक सेट पावसाळाभर पोटमाळ्यावर नुसता ठेवला होता, काहीही न लावता, तरी रेलवर नारिंगी ठिपके आले, आपल्याकडची हवाच तशी. तो आता वापर झाला की पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या टाकून ठेवतो.

एवढं करून लांबच्या वळणावर गाडी अजून थांबतच होती. इथे बाबांनी सांगितलेली एक गोष्ट सोन्यासारखी आहे. एकच गाडी सगळीकडे आचके देत असेल तर दोष गाडीत, सगळ्या गाड्या एकाच जागी आचके देत असतील तर दोष ट्रॅकमध्ये, आणि तो पण बहुतेक वेळा घाणीचा नसून सांध्याचा. व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला तर पॉवरजवळ एक आकडा आणि लांबच्या टोकाला बराच कमी. तिथले दोन तुकडे सोडवले, सांध्यातली रेलची टोकं पक्कडीने अगदी किंचित दाबली, परत बसवले, आणि पॉवर बेसपासून, म्हणजे ट्रॅकच्या ज्या तुकड्यातून करंट येतो तिथून, त्या टोकाला एक जादा वायर नेली, बूस्टर केबल म्हणून मिळते. ज्या जागेला मी सगळ्यात जास्त अल्कोहोल पाजलं होतं ती जागा कधी घाण नव्हतीच.

तर किट घ्यावं का? स्लॉट कार नवीनच घेतली असेल तर नका घेऊ. अल्कोहोलची मोठी बाटली, मायक्रोफायबर, मास्किंग टेप, आणि तुमच्या गाइडच्या मापाच्या ब्रेड सुट्ट्या घ्या, माप गाडीच्या मॉडेलवरून बघून. माळ्यात वर्षानुवर्षं पडलेला जुना ट्रॅक परत काढत असाल तर रबराचा ठोकळा लागेल, तो पण सुटा मिळतो. कुणाला भेट द्यायची असेल तर खोका दिसायला छान आहे, एवढं त्याच्या बाजूने.

ब्रशबद्दल लिहायचं राहिलं. ट्रॅकला फार मऊ पडतो, खाचेतली धूळ त्याने नुसती इकडची तिकडे होते. जाताना आईने तो मागून घेतला, समईच्या नक्षीत अडकलेली काजळी काढायला. परवा फोनवर म्हणाली असा ब्रश पुण्यात कुठे मिळत नाही, अजून एक पाठव.